मळगाव रोडचे अकरा गुंठे

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, २६ एप्रिल २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी काही सांगायला लागले की बाबा "बरं, बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई जेवणाचं विचारते. मग दोन दिवसांनी धाकट्याकडून कळतं की बाबांनी भलतंच काही ठरवलंय. म्हणून या खेपेला पत्रच. धाकटा मोठ्या टायपात प्रिंट काढून आणून देईल. आई, तूच वाचून दाखव, बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलंय. आणि मधलं काही गाळू नकोस.

पहिली गोष्ट ही की नातीच्या मेडिकलच्या फीसाठी मळगाव रोडचा प्लॉट विकायचा नाही. एजंट दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला, साठ लाखांवर बोलणं आलंय, हे सगळं मला कळलंय. धाकट्यावर रागावू नका, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला.

आता तुमच्या नातीचं. इथे आपल्यासारखी एक परीक्षा, एक यादी, आणि यादीत येईल ते कॉलेज असं नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, आणि त्यानंतर प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज, वेगळे निबंध, वेगळी मुलाखत. तिने बावीस ठिकाणी अर्ज केले होते. मुलाखती सगळ्या व्हिडिओवर. वरती कोट आणि खाली घरातला पायजमा घालून बाईसाहेब बसायच्या, आणि मिक्सरचा आवाज नको म्हणून आम्ही सकाळभर चटणीशिवाय जेवायचो. तिघांनी हो म्हटलं. एकाहून जास्त कॉलेजांनी हो म्हटलं की मग पंचाईत मुलांची. ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवून बाकीच्या जागा सोडायच्या, म्हणजे वेटिंगवरच्या पोरांना मिळतात. ३० एप्रिल म्हणजे येता गुरुवार.

बॉस्टनचं नाव बाबांनी काकूंना, पोस्टातल्या साहेबांना आणि वाण्याला सांगून झालंय. दुसरं फिलाडेल्फियाचं ड्रेक्सेल, तिसरं इथलंच न्यूअर्कचं, रटगर्सचं सरकारी मेडिकल.

आई, फिलाडेल्फिया म्हटल्यावर तू जे विचारलंस ते अगदी बरोबर आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, ते बायकांचं मेडिकल कॉलेज पुढे दुसऱ्यांत मिसळत मिसळत आज ड्रेक्सेलमध्ये आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली जपानी आणि सीरियाची तिसरी, असा १८८५ चा जो फोटो तू आम्हाला दाखवायचीस, तो त्यांच्याच संग्रहात आहे. पोरीने तो मोबाइलवर लावलाय. मला तर दोन दिवस वाटत होतं की आता हेच, दुसरा विचारच नको. पण फोटोवर कॉलेज निवडता येत नाही, आणि तिथली फीसुद्धा खासगीच.

बाबा, तुमचा प्रश्न दर वेळी एकच, "नंबर कितवा?" तर ऐका. इथे एक मासिक दरवर्षी मेडिकल कॉलेजांचे नंबर लावायचं. २०२३ च्या जानेवारीत हार्वर्डनेच सांगितलं की आम्ही यांना आता माहिती देणार नाही, आणि पाठोपाठ बरीच मोठी कॉलेजं बाहेर पडली. पुढच्या वर्षापासून नंबर गेले, नुसते गट उरले. त्यामुळे वाण्याने विचारलं तर सांगा, नंबर बंद झाले. नाव मात्र बंद झालेलं नाही, तेही कबूल करते. डॉक्टरकीची पहिली मोठी परीक्षा असते, स्टेप वन, तिचे मार्क २०२२ पासून देत नाहीत, नुसतं पास-नापास. मग पुढे रेसिडेन्सी, म्हणजे कॉलेजनंतर एखाद्या शाखेचं पगारी प्रशिक्षण, द्यायची वेळ आली की लोक कॉलेजचं नाव बघणारच. त्वचेचं, मेंदूच्या ऑपरेशनचं असलं काही करायचं असेल तर बॉस्टनचा उपयोग होतो. हे मी तिला स्वतः सांगितलं, कारण खरं सांगू का, मलाही बॉस्टनच हवं होतं. इथे गाडीच्या मागच्या काचेवर मुलांच्या कॉलेजचं स्टिकर लावतात. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जाताना ते स्टिकर लोक वाचतायत, इथपर्यंत माझं स्वप्न जाऊन आलं होतं.

मग एका रात्री तिने मला आणि ह्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलं आणि लॅपटॉप उघडला.

बॉस्टनचा खर्च खोलीभाडं धरून वर्षाला लाख डॉलरच्या घरात. आम्हा दोघांचा पगार बघून त्यांनी मदत बेताचीच देऊ केली. आजवर सरकार पोरांना लागेल तेवढं कर्ज द्यायचं. गेल्या वर्षी कायदा बदलला, आणि या १ जुलैपासून जो नवा येईल त्याला वर्षाला पन्नास हजार आणि सगळं मिळून दोन लाखांच्या वर सरकारी कर्ज नाही. आमची ही नेमकी ऑगस्टमध्ये सुरू करणार. चार वर्षांचे चार लाख, त्यातले दोन सरकारचे, उरलेले दोन खासगी बँकेचे, आणि त्या कागदावर सह्या आमच्या. न्यूअर्कला फी पन्नास हजारांच्या आतबाहेर. राहायचं घरीच, जायचं ट्रेनने, डबा माझा.

ह्यांनी बराच वेळ स्क्रीन खालवर केली. मी म्हटलं, डॉक्टर झाल्यावर फिटतंच की सगळं. तर ती म्हणाली, "मम्मा, फिटतं, पण मग मी कुठली डॉक्टर व्हायचं ते बँक ठरवणार." तिला फॅमिली मेडिसिन करायचंय, आपल्याकडे ज्याला फॅमिली डॉक्टर म्हणतात तेच. कॉलेजनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी, त्यात पगार वर्षाला साठ-सत्तर हजार, आणि नंतरही डॉक्टरांमधली ही कमी मिळकतीचीच बाजू. एवढं कर्ज डोक्यावर असलं की पोरं गुपचूप जास्त पैशाच्या शाखेला वळतात. वर्षानुवर्षं इथे औषध कंपनीत डॉक्टरांमध्ये वावरल्यावर मला हे माहीत नाही असं नाही. फक्त माझ्या टेबलावर ते कुणी मांडलं नव्हतं.

आणि आता तुमच्या प्लॉटचा हिशोब. डॉलर नव्वदच्या घरात आहे. साठ लाखांचे सहासष्ट हजार, त्यातून कर आणि दलाली जाणार. बाबा, तुमच्या उभ्या आयुष्याची ती जमीन बॉस्टनच्या एका वर्षालाही पुरत नाही. तुम्हाला हिणवायला नाही लिहीत, पण हा आकडा तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवा होता, आणि एजंट तो सांगणार नव्हता.

आता जरा अवघड जागेचं बोलते.

१९९३ साली सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर सगळं. सरकारी मेडिकलची यादी माझ्याअलीकडे चार मार्कांवर संपली. मग तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एका खासगी कॉलेजच्या ट्रस्टीकडे गेलात. सुप्रीम कोर्टाने त्याच फेब्रुवारीत कॅपिटेशन फी घ्यायची नाही असा निकाल दिला होता, त्याचं कात्रण घडी घालून खिशात होतं. ट्रस्टींनी ते वाचलं, "छान निकाल आहे" म्हणाले, आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून तुमच्याकडे सरकवला. तुमचं वाचून झाल्यावर चिठ्ठी परत घेऊन फाडली. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. त्या रात्री आईला सांगत होतात, आणि आपल्या मधल्या खोलीची भिंत तेव्हा पत्र्याची होती.

आणखी एक. कराडच्या बी.फार्म.च्या मार्कलिस्टा मी इकडे येताना काढल्या, तेव्हा फाइलीत औषध कंपनीच्या पॅडचा एक कागद निघाला. वरती पित्ताच्या गोळीची जाहिरात, खाली तुमचं अक्षर. पोस्टातले. सोसायटीचं कर्ज. हिच्या पाटल्या. मेव्हण्यांकडून. आणि अगदी तळाला, "मळगाव रोड ?". बेरीज केलेली नव्हती. तो कागद माझ्याकडे आहे, पासपोर्टच्या पाकिटात.

मी तेव्हा रागावले होते. कराडला असताना पहिली दोन वर्षं सुट्टीत मी आपल्या औषधांच्या दुकानाची पायरी चढले नाही, ते अभ्यासामुळे नव्हतं. तुम्हालाही ते समजलं असणार, कारण तुम्ही एकदाही बोलावलं नाहीत. पण त्याच प्लॉटवर कर्ज काढून पुढे आईचं ऑपरेशन झालं, धाकट्याचा डिप्लोमा झाला. तुम्ही तेव्हा विकला नाहीत ते बरोबर केलंत. हे मी तेहेतीस वर्षांत एकदा तरी बोलायला हवं होतं. डॉक्टर झाले नाही याचं मला अधूनमधून वाटतं, अजूनही. खोटं कशाला सांगू. पण ते माझं मी बघते. त्याची भरपाई म्हणून नातीची फी भरायची नाही.

न्यूअर्कबद्दल आई काळजीने म्हणाली की ते गाव चांगलं नाही म्हणतात. गावाची एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. १९६० च्या दशकात या मेडिकल कॉलेजला वस्तीतली दीडशे एकर जमीन हवी होती. घरं उठणार होती, तीही मुख्यतः काळ्या लोकांची. १९६७ च्या जुलैत तिथे मोठी दंगल झाली, २६ माणसं गेली, आणि रागाच्या कारणांमध्ये ही जमीनही होती. पुढच्या वर्षी वाटाघाटी झाल्या, कॉलेज साठ एकरांच्या आत आलं, आणि आजूबाजूच्या लोकांना नोकऱ्या आणि दवाखाना देऊ असं लिहून द्यावं लागलं. तुमची नात हे सगळं मला ट्रेनमध्ये सांगत होती. मी म्हटलं, तुझ्या आजोबांच्या अकरा गुंठ्यांवरही सध्या वाटाघाटी चालू आहेत.

तिथे विद्यार्थीच चालवतात असा एक मोफत दवाखाना आहे. कॉलेजला येण्याआधीच ही तिथे दुभाष्याचं काम करायला जायची, हिंदी आणि मोडकं गुजराती. एकदा एक आजोबा आले, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात गोळ्यांच्या बाटल्या. नाव-गाव तिने मलाही सांगितलं नाही, तसा नियमच आहे. चक्कर येते म्हणत होते. तपासणाऱ्या मुलाने एकेक बाटली विचारायला सुरुवात केली, आजोबा गोंधळले. हिने मध्येच म्हटलं, "पिशवी उलटी करू का?" सगळ्या बाटल्या टेबलावर ओतल्या, सकाळच्या एकीकडे, रात्रीच्या एकीकडे. तेव्हा दिसलं की ब्लडप्रेशरची एकच गोळी दोन बाटल्यांत होती, एकीवर कंपनीचं नाव, दुसरीवर औषधाचं. दोन्ही रोज घेत होते.

मी विचारलं, तुला पिशवी उलटी करायचं कुणी शिकवलं? म्हणाली, "आजोबांनी." नऊ वर्षांची असताना उन्हाळ्यात आली होती, महिनाभर तुमच्या काउंटरमागे स्टुलावर बसायची, आठवतंय? म्हैसाळच्या एक आजी यायच्या, तुम्ही त्यांची पिशवी काचेवर ओतायचात आणि रात्रीच्या गोळीच्या पट्टीला रबर लावून द्यायचात. मला वाटलं होतं ही तिथे नुसती लिमलेटच्या गोळ्या खात बसली होती.

तर तिने न्यूअर्क घेतलं. काल रात्री बॉस्टनची जागा सोडली, मी शेजारी होते. बटण दाबायला एक सेकंद लागला. मग मी आत जाऊन उगाच भांडी घासली. आई, आनंदीबाईंचं कॉलेजही तिने सोडलं, पण तुला ते दाखवायला आपण जाऊ. गाडीने दीड तास.

ऑगस्टमध्ये पांढरा कोट घालण्याचा समारंभ असतो, घरच्यांना बोलावतात. ही पद्धत न्यूयॉर्कला १९९३ साली सुरू झाली म्हणे. तुम्ही दोघं यायचं. व्हिसा अजून चालू आहे, तिकिटं आम्ही काढतो. त्याआधी बाबांचा डोळा करून घ्या, मे महिन्यातच, म्हणजे कोटावरचं नाव वाचता येईल. येताना खपलीचा रवा थोडा आणा, आणि काउंटरवरचे रबर एक मूठ. ती मागतेय, चेष्टा नाही.

एजंटकडून विसार घेतला असेल तर आजच परत करा. त्याने सही केलेल्या कागदाचा फोटो धाकट्याकडून मला पाठवा. नुसतं "बरं, बरं" चालणार नाही.

तुमची,
ताई