आहारतज्ज्ञांची फी कशाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडे आहारतज्ज्ञ म्हटले की वजन कमी करण्याचा तक्ता लिहून देणारी व्यक्ती अशी समजूत रूढ आहे, आणि असे तक्ते मोबाइलवर फुकट मिळत असताना फी कशाला मोजायची, असा प्रश्न जळगाव-धुळ्यातील चांगली शिकलेली मंडळीही विचारतात. नुसत्या तक्त्याची फी असती तर हा प्रश्न रास्तच ठरला असता. परंतु खासगी व्यवसाय करणारा जाणकार आहारतज्ज्ञ पैसे घेतो ते मुख्यतः घरात काय शिजते, किती शिजते आणि कोणाच्या पानात काय पडते याची कसून चौकशी करण्याचे, आणि त्यानंतर कित्येक महिने पाठपुरावा करून त्यात बदल घडवून आणण्याचे. हे काम माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारपणात जवळून पाहायला मिळाले, म्हणून हा पत्रप्रपंच.

बंधूंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब आहे आणि अलीकडे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची रक्ततपासणीतील खूण) वाढू लागल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. येताना सगळे रिपोर्ट आणा आणि घरात स्वयंपाक कोण करते त्यांनाही आणा, असे बाईंनी आधीच कळवले होते. बऱ्याच वेळापर्यंत त्यांनी काय खावे याबद्दल चकार शब्द काढला नाही. वहिनींशी त्या अहिराणीत बोलत होत्या. आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय पोटात गेले ते विचारत होत्या, आणि टेबलावर लहान-मोठ्या वाट्या मांडून भाजी यांतल्या कोणत्या वाटीने वाढता, असे त्यांनी विचारले. मग तेलाचा विषय निघाला. महिन्याला पाच किलो तेल आणि खाणारी माणसे चार, हे कळताच त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला : माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरीच्या आहारासाठी हे प्रमाण 27 ग्रॅम आहे. मी तळलेले खातच नाही, हे बंधूंचे म्हणणे खोटे नव्हते. तेल जात होते ते रश्श्यावरच्या तर्रीतून आणि भरिताच्या फोडणीतून.

मिठाचीही गत तीच निघाली. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको हे बहुतेकांनी ऐकलेले असते आणि वरून मीठ घेत नाही म्हणजे आपण पथ्य पाळतो असा त्यांचा समज असतो. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात दळतानाच मीठ पडलेले असते, बिबड्यांत (ज्वारीच्या पापडांत) व इतर पापडांत मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि भाकरीशेजारचा ठेचा व लोणचे तर कोणी मोजतच नाही. शेवटी बाईंनी घरात मीठ कोणते वापरता असे विचारले, तेव्हा वहिनींनी कौतुकाने सांगितले की रक्तदाबासाठी चांगले म्हणून कमी सोडियमचे मीठ आणतो. अशा मिठात सोडियम कमी करताना पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तातील पोटॅशियम वाढून थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. बंधूंच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम वरच्या मर्यादेला टेकलेलेच होते. बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि ते पाकीट त्याच दिवशी बंद झाले. फुकटच्या तक्त्याने हा प्रश्न विचारला नसता.

केळ्यांतही पोटॅशियम भरपूर, म्हणून ती बंद झाली आणि ते बंधूंना सर्वांत जास्त लागले. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात नातेवाईक असलेल्या माणसाला ते लागणारच. परंतु ही बंदी पुढच्या रिपोर्टपर्यंतची आहे आणि मूत्रपिंड चांगले असलेल्या मधुमेहीलाही एक लहान केळे हिशेबात बसवता येते, हे त्यांना समजावून सांगण्यात आले. बटाटा-रताळ्यासारख्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचे, म्हणजे पोटॅशियम बरेच कमी होते, हेही वहिनी तिथेच शिकल्या. दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत मात्र, त्यातही पोटॅशियम असल्याने, मूत्रपिंडाच्या आजारात घातक ठरू शकते, आणि हे भेटायला येणाऱ्यांना कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

काय बंद झाले याइतकेच काय चालू राहिले हेही महत्त्वाचे आहे. ज्वारीची भाकरी राहिली, कळण्याचे पीठ मिठाशिवाय दळून आणायचे ठरले, भरीत राहिले पण तेल बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालायचे ठरले. शिरपूर-चोपड्याच्या माणसाला ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल लिहून देणारे आहारतज्ज्ञही आहेत आणि त्यांचा कागद आठवडाभरात फ्रीजच्या दारावर नुसता चिकटून राहतो, हेही मान्य केले पाहिजे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासर-माहेरच्या पंगती असतात, श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचे रोट पुढे बरेच दिवस पुरवून खाल्ले जातात, कापूस वेचणीच्या दिवसांत जेवणाच्या वेळेला ठिकाणा नसतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी खान्देशात टिकायचा नाही.

पाठपुराव्याचा अर्थही लोकांना नीट कळलेला नाही. खाणे बदलले की साखर उतरू लागते, आणि गोळ्या वा इन्सुलिनची मात्रा तीच राहिली तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून आहारातील प्रत्येक मोठा बदल डॉक्टरांच्या कानावर घालावा लागतो. एचबीएवनसी ही तपासणी रक्तातील साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आठ दिवसांत फरक पडला की नाही हे तिच्यावरून ठरवता येत नाही. पंधरा दिवसांत गुण दाखवा, असा आग्रह धरणारे लोक मग चमत्कार विकणाऱ्यांच्या हाती सापडतात. गल्लोगल्ली ‘न्यूट्रिशन क्लब’ निघाले आहेत. तेथे यंत्रावर उभे करून वजन व चरबीचे आकडे सांगतात आणि त्याच बैठकीत पावडरचे डबे गळ्यात मारतात. क्रिएटिनिन किती आहे, एवढेही न विचारता प्रथिनांची पावडर विकणाऱ्याला सल्लागार म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते. सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न डब्यावर अवलंबून असेल तर सल्ला डब्याचाच मिळणार.

संलग्न (allied) व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा 2021 मध्ये झाला. त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश असून राज्य परिषद आणि नोंदणी यांची तरतूद आहे. त्या नोंदवहीत नाव आहे की नाही हे पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या माणसाला घरबसल्या मराठीतून तपासता आले, तरच तिचा उपयोग. तोवर आहारशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण कोठे झाले, रुग्णालयात काम केले आहे का, हे विचारायला कोणी संकोचू नये. भारतीय आहारशास्त्र संघटनेच्या परीक्षेतून मिळणारी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही पात्रता असल्यास अधिक चांगले.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात तर हा विषय वजनाचा मुळीच नाही. तेथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. त्यांनी दिवसभर पुरेसे पाणी पीत राहणे अत्यावश्यक असते आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या तपासणीविना आपल्या मनाने घेणे बरोबर नसते, कारण वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. अशा कुटुंबांना खासगी फी परवडणार नाही, त्यांच्यासाठी शासकीय रुग्णालयातच आहारतज्ज्ञ हवा.

मात्र उर्वरित तालुक्यांत एक गोष्ट सहज जमण्याजोगी आहे. हृदयरोगाचे, मूत्रविकाराचे तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक दिवशी तालुक्याला येऊन रुग्ण तपासतात; जळगाव-धुळ्यातील आहारतज्ज्ञांनीही बाजाराच्या दिवशी एखाद्या दवाखान्यात तसे बसावे, आणि स्थानिक डॉक्टरांनी ‘पथ्य पाळा’ एवढेच न सांगता निदान, चालू औषधे व ताजे रिपोर्ट यांसह चिठ्ठी द्यावी. पुढचे विचारणे फोनवर चालेल, पहिली भेट तरी समोरासमोर आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बरोबर घेऊनच व्हावी.

आपला,
एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव