तळ्याकाठी मेलेली हरणं आणि विषाचा संशय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी मरून पडलेल्या हरणांचं छायाचित्र आपल्या अंकात आलं होतं. खाली ओळ होती, 'पाण्यात विष कालवल्याचा संशय'. मी पशुवैद्यक आहे आणि तिथल्याच एका पशुरोग प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबर आला की मोबाइलवर असेच फोटो घेऊन माणसं आमच्याकडे यायची. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "पाण्यात कोणी काय टाकलं?" त्या तळ्याचा तपासणी अहवाल मी पाहिलेला नाही, त्यामुळे तिथे विष नव्हतंच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण उन्हाळा सरत आलेला, अंगावर जखम नाही, हरणं चांगली धष्टपुष्ट आणि सगळी पाण्याच्या कडेला, असं असेल तर जाणकाराच्या मनात आधी 'ईएचडी' येतो. पूर्ण नाव एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज. आपल्या बातमीत त्याचा उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र.

हा विषाणूचा आजार आहे आणि तो क्युलिकॉइड्स जातीच्या चिलटांमुळे पसरतो. हे चिलट जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचं. बाहीवर बसलं तर धुळीचा कण समजून माणूस झटकून टाकेल. रक्त पिते ती मादी, आणि तिची वेळ मुख्यतः तिन्हीसांजेची किंवा पहाटेची. तिच्या अळ्या तळ्याच्या काठच्या कुजकट, ओल्या चिखलात वाढतात. आजारी हरणाला चावलेली मादी पुढे निरोगी हरणाला चावली की विषाणू तिकडे पोचतो. एक हरीण दुसऱ्याला शिवल्याने, चाटल्याने तो पसरत नाही. माणसालाही तो होत नाही.

चावल्यापासून पाच ते दहा दिवसांत हरणाला ताप चढतो. विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घाव घालतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. डोकं आणि मान सुजते, तोंडातून फेसाळ लाळ गळते, जीभ कधी कधी निळसर पडते. अंगाची आग होत असते, म्हणून ते जनावर पाणी शोधत येतं आणि पोटापर्यंत पाण्यात उभं राहतं. लक्षणं दिसू लागल्यावर पांढऱ्या शेपटीचं हरीण अनेकदा आठ ते छत्तीस तासांत मरतं. ते पाण्याजवळ सापडतं ते याच कारणाने. बघणाऱ्याला मात्र पाणी आणि मेलेलं हरीण एवढंच दिसतं, आणि आळ पाण्यावर जातो.

दुष्काळी वर्षी हे सगळं वाढतं. तळी आटतात, काठचा चिखल उघडा पडतो, चिलटांना अंडी घालायला जागाच जागा होते. रानातली सगळी हरणं उरल्यासुरल्या पाणवठ्यावर गोळा होतात. 2012 साली अमेरिकेत मोठा दुष्काळ होता आणि त्याच वर्षी ईएचडीची फार मोठी साथ येऊन गेली. पहिला कडाक्याचा गारठा पडून दव गोठलं की प्रौढ चिलटं मरतात आणि साथ थांबते. टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या भागात हरणांचा या विषाणूशी जुना संबंध आहे, तिथली पुष्कळशी हरणं तगून जातात. उत्तरेकडे तो अधूनमधून पोचतो. तिथल्या हरणांच्या रक्तात त्याची ओळखच नसते, म्हणून तिथे कळपच्या कळप मरून पडतात.

तगलेल्या हरणाची एक खूण मला विसरता येत नाही. एका डिसेंबरात शिकाऱ्याने मारलेल्या नराचे पाय तपासायला आले होते. चारही पायांच्या खुरांवर आडवी खाच होती, नख अडकेल इतकी खोल, आणि एका खुराचं टोक सुटून लोंबत होतं. ताप आला तेवढे दिवस खुराची वाढ थांबलेली असते, तीच ही खाच. हे हरीण उन्हाळ्यात मरणाच्या दारातून परत आलं होतं आणि त्यानंतर महिनोन्‌महिने त्या खुरांवर चाललं होतं. शिकाऱ्याला ते काटेरी तारेत अडकल्यासारखं वाटलं होतं. अशा खुरांची नोंद ठेवली तर साथ कुठवर गेली होती हे नंतरही कळतं. पण ती नोंद ठेवतो कोण?

माझं खरं दुखणं हेच आहे. गोठ्यातली गाय आजारी पडली की मालक त्याच दिवशी डॉक्टरला फोन करतो. रानातल्या हरणाला वाली नाही. 1955 साली न्यू जर्सीत हरणं मेली तेव्हा हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणजे त्याला ओळख मिळाली ती हरणांमुळेच. तरी आजही जगभरात त्याच्यावरची नजर मुख्यतः गोठ्यांवर असते. नोव्हेंबर 2022 मध्ये तो युरोपात प्रथम सापडला तो इटलीची सार्डिनिया, सिसिली ही बेटं आणि दक्षिण स्पेन इथल्या गाईगुरांत. पुढच्या वर्षी तो फ्रान्समध्ये पोचला. चिलटं वाऱ्याबरोबर समुद्रही ओलांडतात. याच कुळातला गुरामेंढ्यांचा नीलजिव्हा रोग (ब्लूटंग) 2007 मध्ये असाच वाऱ्यावरून इंग्लंडात उतरला. अशा रोगाची चाहूल रानातही घ्यायला हवी, आणि ती घेणारा बहुतेक वेळा तळ्याकाठी फिरायला गेलेला साधा माणूस असतो.

त्याने 'विष' म्हणून हळहळ करून पाठ फिरवली तर नमुना हातचा जातो. उन्हात हरणाचा देह झपाट्याने सडतो. प्लीहा, फुप्फुस आणि रक्ताचा नमुना साधारण चोवीस तासांच्या आत घेतला तरच विषाणू सापडण्याची खात्री. नुसत्या लक्षणांवर विसंबूनही चालत नाही. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात म्यूल डियर जातीची हरणं अगदी अशाच लक्षणांनी मेली आणि कारण निघालं अडेनोव्हायरस नावाचा वेगळाच विषाणू. तो हरणाहरणांत संपर्काने पसरतो. तिथे हरणांसाठी दाणे टाकून त्यांना एका जागी गोळा करणं घातक ठरतं. कारण ठाऊक नसताना केलेली दया अशी उलटू शकते.

दुसरा उपाय लोकांना लगेच सुचतो तो तळ्यावर कीटकनाशक मारण्याचा. कृपा करून तो कोणी करू नये. मैलोन्‌मैल पसरलेला चिखल फवारून होत नाही. मरतात ते चतुर, बेडूक, मासे, आणि मग खरोखरच पाण्यात विष कालवल्यासारखं होतं. रानातल्या कळपांना लस टोचत फिरणंही आजच्या घडीला शक्य नाही. राहतं ते लवकर कळवणं.

आपले कितीतरी वाचक किंवा त्यांची मुलंबाळं अमेरिकेत राहतात, हरणं त्यांच्या अंगणापर्यंत येतात. म्हणून विनंती अशी, की त्या छायाचित्राबद्दल एक खुलासा छापावा आणि दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला एक छोटी चौकट द्यावी. तीत एवढंच असलं तरी पुरे: मेलेलं हरीण दिसलं तर हात लावू नका, जागा, वेळ, संख्या आणि पाण्यापासूनचं अंतर लिहून घ्या, दुरून फोटो काढा आणि त्या राज्याच्या वन्यजीव विभागाला त्याच दिवशी फोन करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनवर आम्ही गाडी पाठवायचो, पण बहुतेक वेळा ती रिकामी परत यायची.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक