समितीला उभा राहतोय, त्याबद्दल

वडोदरा,
जानेवारी 2026

प्रिय विन्या,

फोनवर तू इतका हसत सुटलास की मुद्द्याचं बोलणं राहूनच गेलं. "तू आणि निवडणूक!" हस लेका. पण ही नगरसेवकाची निवडणूक नव्हे. पत्रकं नाहीत, रिक्षाला भोंगा नाही. पोरीच्या शाळेची एसएमसी आहे, शाळा व्यवस्थापन समिती. शनिवारी पालकांची सभा, हात वर करून मतदान, की झालं. आजवर तेवढंही होत नसे. आचार्य, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, नावांची यादी करून ठेवायचे आणि पोरांना सोडायला आलेले पालक फाटकापाशी, स्कूटर चालू ठेवून, त्यावर सह्या करायचे. यंदा काही आयांनी यादी वाचून बघितली. त्यातल्या एका सभासदाचं पोर दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेलेलं निघालं. मग आवाज झाला, सभा ठरली, आणि अध्यक्षपदासाठी दोन नावं पुढे आली. त्यातलं एक माझं.

तुला वाटतं ही फुकटची उठाठेव आहे. मग ऐकच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 21 आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, विकासाचा आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं, हे काम या समितीचं. खाजगी विनाअनुदानित शाळेला ही समिती लागूच नाही. तू पुण्यात एवढी फी भरतोस आणि पालक-शिक्षक संघात फीवरूनच भांडतोस. मी एक पैसा भरत नाही, आणि मला कायद्याने खुर्ची दिलीय. कोण शहाणा ते तूच ठरव.

एक घोळ मात्र करू नकोस. वर्तमानपत्रात जिच्या भानगडी येतात ती, शहरातल्या सगळ्या पालिका शाळा बघणारी नगर प्राथमिक शिक्षण समिती वेगळी, तिचे सभासद नगरसेवक निवडतात. तिथे आपल्याला कोण विचारतो! आमची समिती एका शाळेची, एका फाटकाच्या आतली. माझी उडी तेवढीच.

आता मला काय हवंय ते. फोनवर तू विचारलंस, "तुझा अजेंडा काय?" अजेंडा एका ओळीचा आहे: बाईंचे तास पोरांना परत द्या.

कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. माझी कन्या चौथीत. म्हणजे तिच्या वाट्याला दिवसाला चार तास. जास्त नाहीत, पण नीट मिळाले तर पोरगं कुठल्या कुठे जाईल. ते मिळतात का, हे शाळेत कुणीही मोजत नाही. पोरांची हजेरी रोज ऑनलाइन गांधीनगरला जाते. जेवण किती पोरं जेवली ते जातं. शिकवणं किती तास झालं याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नाही.

मग आमच्याकडे ते कोण मोजतंय, माहितीये? माझीच कार्टी. तिने आणि तिच्या मैत्रिणीने रफ वहीच्या मागच्या पानावर खेळ म्हणून चालू केलं. तासाला एक चौकोन. बाई शिकवत असल्या की चौकोनात फूल, बाहेर गेल्या की फुली, आणि वर्गात असून मोबाईलवर असल्या की म. या "म"चं मी विचारलं तेव्हा कळलं की बाई काही रील बघत नव्हत्या. कुणाचं आधार जुळत नाही, कुणाचं शिष्यवृत्तीचं बँक खातं चुकलंय, कुठल्या तरी दिवसाचे फोटो अपलोड करायचे राहिलेत, हे सगळं बाईंच्या मोबाईलवर, बाईंच्या रिचार्जवर, शाळेच्या वेळात. दिवाळीनंतरच्या पानांवर तर फुलांपेक्षा फुल्या जास्त. मतदार यादीची ती एसआयआर, म्हणजे घरोघर फिरून फेरतपासणी, चालू होती ना, शाळेतल्या दोन बाई बीएलओ, म्हणजे त्या यादीच्या केंद्र अधिकारी, झाल्या आणि उन्हातान्हात सोसायट्यांचे जिने चढत फॉर्म गोळा करत फिरल्या. उरलेल्या बाईंनी वर्ग एकत्र बसवले.

यात बाईंचा दोष किती? मला विचारशील तर शून्य. त्याच बाई रात्री अकरा वाजता पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाचा फोटो टाकत होत्या.

आणि कायदा काय म्हणतो? कलम 27: शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. अपवाद तीन, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीचं काम. निवडणुकीचं काम म्हणजे नेमकं किती, याचा वाद तर या कायद्याच्याही आधी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दिल्लीच्या एका शाळेच्या प्रकरणात 2007 च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला की मतदार यादीच्या कामाला शिक्षक घ्यायचे तर सुट्टीच्या दिवशी आणि शिकवणं नसेल त्या वेळी घ्या. हा निकाल मी आमच्या आचार्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "भाई, हे वर सांगा, मला हुकूम येतो." बरोबरच आहे त्यांचं. एकट्या आचार्यांनी हुकमाला नाही म्हटलं तर बदली. पण समितीने ठराव करून, तासांची वही जोडून लेखी पाठवलं तर कुणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागेल. मी अध्यक्ष होऊन करणार काय, तर हे. शिवाय पुढे काय वाढून ठेवलंय बघ. महापालिकेची मागची निवडणूक फेब्रुवारी 2021 मध्ये झाली होती, म्हणजे आता ती आलीच. मग जनगणना, आधी घरांची यादी आणि 2027 च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी. पोरगी पाचवी पार करेपर्यंत बाई वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त.

तू म्हणालास, यापेक्षा सरकारने शाळा बंद करून पालकांच्या हातात पैसे द्यावेत, ज्याला जिथे घालायचं तिथे घालू दे. अरे, अर्धंमुर्धं ते चालूच आहे. खाजगी शाळेत पहिलीला 25 टक्के जागा गरीब घरच्या पोरांना, फी सरकार भरतं. गुजरातने गेल्या वर्षी त्याची उत्पन्नमर्यादा 6 लाखांवर नेली. चांगलंच झालं, माझ्या शेजाऱ्याच्या पोराला जागा मिळाली, मी पेढेही खाल्ले. पण फॉर्म कोण भरतं? ज्याला तारीख कळते, दाखले जमवता येतात, सायबर कॅफेवाल्याशी हुज्जत घालता येते तो. म्हणजे जो पालक उद्या समितीत बसून आचार्यांना प्रश्न विचारणार, तोच बरोबर वेचून बाहेर निघतो. मागे राहतात ती ज्यांच्या आया चार घरची कामं करतात त्यांची पोरं. आणि मग सगळे मिळून म्हणतात की सरकारी शाळेत पालकांना आस्थाच नाही.

मी स्वतः काही तत्त्वासाठी इथे आलेलो नाही, तुला माहीतच आहे. कोविडच्या वर्षी पगार निम्मा झाला, इंग्रजी शाळेची फी झेपेना. आलो नाइलाजाने, पण आता जायची इच्छा नाही.

मराठी माध्यमाचं तू हळवं होऊन विचारलंस. आपल्या वेळी दांडिया बाजारातून सकाळी पोरांची रांग निघायची, ते आता विसर. आता एका बाईंकडे तिसरी आणि चौथी मिळून. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारलेली. डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा अपूर्णांक. बाई डावीकडे वळल्या की उजवीकडची पोरं खिडकीतून रस्ता बघतात, कारण त्यांचं गणित सोडवून झालेलं असतं किंवा अजिबात कळलेलं नसतं. मी मागच्या बाकावर तासभर बसलो होतो म्हणून सांगतो. यातही कायदा मोडलेला नाही, ही खरी गंमत! पहिली ते पाचवीत 60 पोरांपर्यंत शिक्षक दोन. तीस पोरांमागे एक, कागदावर किती छान दिसतं. पण इयत्ता पाच आणि शिक्षक दोन, हे गणित त्या फळ्यावर येऊन पडतं. त्यातली एक जागा रिकामी झाली की ज्ञान सहायक, म्हणजे कंत्राटी शिक्षक येतो, अकरा महिन्यांच्या करारावर. पोरांची नावं पाठ होईपर्यंत त्याचा करार संपायला येतो. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा. शिकवायचंय की, पण कोण आणि किती तास?

गुजरातीबद्दल माझी तक्रार नाही. 2023 च्या कायद्याने ती सगळ्याच शाळांत आठवीपर्यंत सक्तीची झाली, आणि आपली पोरं तशीही गल्लीत पतंग काटताना गुजरातीतच शिव्या देतात. उत्तरायणात माझी बोटं मांज्याने कापली तेव्हा कन्येने डॉक्टरांना सगळी हकीकत गुजरातीत सांगितली, माझ्यापेक्षा सरस.

तुझा तो दुसरा मुद्दा, "नापास करा, मग अभ्यास करतील." शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना तशी मोकळीक मिळाली आणि गुजरातने पाचवी-आठवीला ती घेतलीही. माझा विरोध आहे, आणि तो पोरांच्या दयेपोटी नाही. 800 तासांतले किती दिलेत ते आधी दाखवा आणि मग पोराला नापास करा. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण आणलं आणि 1906 मध्ये सबंध राज्यात. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. पोर शाळेत नाही आलं तर बापाला दंड. मग गोखल्यांनी तसलंच विधेयक सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडलं आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. बडोद्यात कुठल्याही सभेत पहिली दहा मिनिटं महाराजांवर जातात, आमच्या गेल्या बैठकीतही गेली. एक कार्यकर्ते बोलले, टाळ्या झाल्या. मला उठून एवढंच विचारावंसं वाटत होतं: त्या काळी पोर गैरहजर राहिलं तर बापाला दंड होता, आता शिकवणं गैरहजर असलं तर दंड कुणाला?

आता माझ्यासमोर कोण आहे ते ऐक. एक ताई आहेत, घरगुती पोळ्या लाटून देतात, पोरगी सातवीत. त्यांचा मुद्दा एकच, मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही. मुली जोडीने जातात, एक आत आणि दुसरी बाहेरून पायाने दार दाबून उभी. मी चार वर्षं त्या शाळेत ये-जा करतोय, मला हे माहीत नव्हतं, असणार कसं! ताई बोलायला उभ्या राहिल्या की बायका मान डोलावतात, मी कलम 27 काढलं की घड्याळ बघतात. खरं सांगू? त्या निवडून येतील असं दिसतंय आणि मला त्याचं फारसं वाईट वाटणार नाही. कडी आठवड्यात बसेल. मी त्यांना सांगून ठेवलंय, अध्यक्ष तुम्ही झालात तर मला साधा सभासद म्हणून घ्या आणि तासांची वही माझ्याकडे द्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, वही ठेवा, पण बाईंना त्रास होणार नाही अशी ठेवा." ही अट मला आधी सुचायला हवी होती असं नाही का वाटत तुला? वहीत बाईंचं नाव येता कामा नये. कुठल्या कामाने तास गेला, तेवढंच यावं. नाहीतर उद्या कुणीतरी तीच वही बाईंच्याच डोक्यावर मारेल.

आता तुझ्याकडे काम. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णय काढलाय. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यांच्याकडे असेलच. तो इथे लागू नाही हे मला कळतं, पण ठरावाला जोडायला नमुना होईल. आणि वहिनींना हेही विचार की तो निघाल्यावर त्यांच्या शाळेत प्रत्यक्षात काही फरक पडला का. खरं काय ते सांगू दे, माझं मन राखायला काही नको. मोबाईलवर फोटो चालतील, फक्त पानं सगळी पाठव, शुक्रवार रात्रीपर्यंत. लीलो चिवडो पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर तरी धाडतो.

तुझा,
बाळ्या