मॅडम, रायफल खाली घ्यायला शिकवलंत म्हणून

प्रिय मॅडम,

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती एका भूमिकेसाठी. पडद्यावर नेमबाज साकारायची होती, हातात दहा दिवस होते आणि रायफल धरलेली खरी वाटली की झालं, असं सांगून मला पाठवलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दिसण्यापुरतं मी शिकवत नाही. शिकायचं असेल तर सकाळी सहाला ये." पुढे ती भूमिका दुसरीला मिळाली. मला हे कुणी कळवलंही नाही, इतरांकडून समजलं. दुसऱ्या दिवशी सहाला मी रेंजवर हजर होते आणि तुम्ही एका शब्दाने काही विचारलं नाहीत. त्याबद्दलचे आभार सगळ्यात आधी.

सौंदर्यस्पर्धेचा मुकुट जिंकलेल्या मुलीला उभं राहायला कुणी शिकवावं लागेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. एका पायावर भार, खांदे मागे, हनुवटी वर, हे अंगात भिनलं होतं. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात मोडायला घेतलंत. भार दोन्ही पायांवर, कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, रायफल हाडांवर तोलायची, कारण स्नायू थकतात आणि थरथरतात. पेलेट, म्हणजे छर्रे, तर तीन आठवडे हातातच दिले नाहीत. कोऱ्या भिंतीसमोर नुसतं ड्राय फायर, छर्रा न भरता ट्रिगर दाबणं! दहा मीटरवरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिलिमीटरचा असतो, हे कळलं तेव्हा त्या भिंतीचा अर्थ कळला.

अभिनयातली एक गोष्ट मात्र तुम्ही मोडली नाहीत. 'कट' ऐकू येईपर्यंत भूमिका सोडायची नाही, ही माझी सवय. "हाच तर फॉलो थ्रू," तुम्ही म्हणालात. ट्रिगर दाबून झाला तरी नजर आणि शरीर क्षणभर तिथेच ठेवायचं. सेटवर घालवलेली वर्षं वाया गेली, असं मनात घेऊन मी तुमच्याकडे येत होते. त्या एका वाक्यानंतर ते मनातून गेलं.

आणि मग ती पहिली मॅच. ६० शॉट, ७५ मिनिटं. मागे कॅमेरे होते, ते माझ्या खेळासाठी आले नव्हते हे मला ठाऊक होतं. एका शॉटला नेम धरून थांबणं लांबलं, नजर धूसर व्हायला लागली, तरी मी ट्रिगर दाबला. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण; मला ७.८. एकूण ५७१.४. बाहेर आल्यावर तुम्ही स्कोअरबद्दल बोललाच नाहीत. "तो शॉट मारायलाच हवा, असं तुला कुणी सांगितलं?" एवढंच विचारलंत.

खरं तर सगळ्यांनीच सांगितलं होतं, मॅडम. सँडलची टाच तुटली तरी चालत राहा. ताप असला तरी सीन पुरा कर. लोक बघत असताना थांबायचं नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून शिकले होते की थांबता येतं हेच विसरले होते. त्यानंतरचा महिनाभर तुम्ही माझ्याकडून तेवढंच करून घेतलंत. रायफल उचल, श्वास सोड, स्थिर हो. आठ-दहा सेकंदांत जमलं नाही तर खाली घे. पुन्हा उचल. तुम्ही मागे स्टूलवर बसून असायचात. मी रायफल खाली घेतली की "छान" म्हणायचात. शॉट मारल्यावर कधीच नाही.

गेल्या रविवारी ४३व्या शॉटला छाती धडधडायला लागली. मागे गर्दी होती. फायरिंग पॉइंटवर उभ्या असलेल्या नेमबाजाशी प्रशिक्षकाला बोलता येत नाही, त्यामुळे तुम्ही गप्प होतात. मी चार वेळा रायफल उचलली आणि चारही वेळा खाली घेतली. घड्याळ पळत होतं. चौथ्या वेळी तुमचं ते "छान" मला न बोलताही ऐकू आलं.

पाचव्यांदा उचलली. १०.६.

तुमची,
पहाटेच्या बॅचमधली मुलगी