साबण करणाऱ्या तायांसाठी सूचना

तायांनो, विक्रीसाठी केलेला आंघोळीचा साबण हे सौंदर्यप्रसाधन. त्याला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना आणि लेबल लागतं. पण ते नियम वडी वापरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. आपल्या हातात येतो तो कॉस्टिक सोडा, आणि तो धोकादायक रसायनच. गोणी घेताना दुकानदाराकडून त्याचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. मराठीत नसेल तर वाचून समजावून घेऊ, पण ते शेडमध्ये लावलेलं हवंच.

मागच्या मंगळवारी एका ताईनं कॉस्टिकवर पाणी ओतलं. क्षणात उकळी येऊन शिंतोडे उडाले, मनगटावर फोड आले. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक, हाच क्रम. जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, अजिबात नको; ॲल्युमिनियमची कॉस्टिकशी प्रक्रिया होते आणि पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचा गंज घ्या.

रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणी गोणी उघडू नये, मग कितीही उकडत असो. लेकरं शेडपासून लांब. अंगावर उडालंच तर लिंबू-व्हिनेगर लावू नका, वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत लगेच दवाखाना गाठा.

चष्मे अध्यक्षताईंकडे आले आहेत, उद्या सकाळी घेऊन जा.