किशोरवयीनांना एचआयव्ही-प्रतिबंधक गोळी लिहायला डॉक्टर का कचरतात : आरोग्यमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुप्तरोगाची तक्रार घेऊन ओपीडीत येतो. डॉक्टर त्या रोगाचं औषध देतात, कंडोम वापरायला सांगतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप, ज्याला सर्वांत जास्त हवी त्याच्याच केस पेपरवर ती येत नाही. आम्ही नागपुरातले काही डॉक्टर, समुपदेशक आणि फार्मासिस्ट आहोत. डॉक्टरांना माहिती कमी पडते हे खरं, पण ते दुय्यम कारण. त्यांचा हात अडतो तो कायद्याच्या भीतीने आणि विभागांच्या टोलवाटोलवीने.

आधी भीतीचं बोलू. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार (२०१२) १८ वर्षांखालील मुलाशी किंवा मुलीशी झालेला लैंगिक संबंध गुन्हाच, संमती असली तरी. कलम १९ सांगतं की माहिती मिळाली तर पोलिसांना कळवा. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रेप लिहिली की ‘मला माहीत होतं’ याचा पुरावा डॉक्टरच्या स्वतःच्या अक्षरात तयार होतो. म्हणून डॉक्टर जोखमीचे प्रश्नच विचारत नाहीत. त्यात तपासणीच्या संमतीसाठी पालकांची सही लागते. आई शेजारी बसलेली असताना कोणता मुलगा खरं सांगेल? अत्याचाराची तक्रार दडपावी असं आमचं मुळीच म्हणणं नाही. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवताना उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. तो निकाल गर्भपातापुरता आहे. प्रेपसाठी असं संरक्षण देता येईल का, यावर विधी व न्याय विभागाचं लेखी मत घ्या.

टोलवाटोलवी अशी चालते. बालरोग विभाग म्हणतो, वय बसत नाही. मेडिसिनवाले एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीबाधितांना औषधं देणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. एआरटी केंद्र म्हणतं, आमच्याकडे पॉझिटिव्ह पेशंटची नोंद होते, निगेटिव्ह मुलाचं कार्ड कसं काढणार? तीन खिडक्या फिरून मुलगा घरी जातो आणि पुन्हा येत नाही.

औषध मात्र अवघड नाही. टेनोफोविर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, दिवसाला एक गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जास्त जोखीम असलेल्यांसाठी प्रेपची शिफारस केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ३५ किलोवरील किशोरवयीनांसाठी या गोळीला मान्यता दिली. तेव्हा वजनकाटा आधी. मग एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या. हिपॅटायटिस बी असताना गोळी अचानक थांबवली तर यकृताचा दाह उफाळू शकतो. सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच होते. गेल्या काही आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ होतं का, हे कुणी विचारत नाही. नुकती लागण झालेल्या मुलाची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. त्याला ही दोनच औषधं सुरू केली तर विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो आणि पुढचा उपचार अवघड होतो.

गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम देऊ नयेत. अमेरिकेत १५ ते १७ वयाच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात भेटी महिन्यावरून तीन महिन्यांवर गेल्या तशी रक्तातली औषधाची पातळी घसरली. आपल्याकडेही दरमहा भेट हवी, आणि ती शाळा-कॉलेज सुटल्यावर. एचआयव्ही टेस्ट दर तीन महिन्यांनी.

अत्याचार झालेल्या मुलांना संपर्कानंतरचं औषध, म्हणजे पेप, लागतं. इथे कायदा स्पष्ट आहे : पोक्सो नियम २०२० मधला नियम ६ हे औषध तातडीच्या वैद्यकीय सेवेत धरतो आणि त्यासाठी पोलिसांचं वा न्यायालयाचं पत्र मागायला मनाई करतो. गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, पुढे २८ दिवस. घटना गुरुवारी रात्री दहाला घडली आणि मुलगी शनिवारी संध्याकाळी पोहोचली, तर मुदत रविवारी रात्री दहाला संपते. सोमवारी नऊ वाजता एआरटी केंद्र उघडेपर्यंत ८३ तास झालेले असतात. गडचिरोली किंवा बालाघाटहून नागपूरला येणाऱ्यांचा प्रवासातच किती वेळ जातो, ते वेगळं सांगायला नको. म्हणून टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राविर या एकत्रित गोळीची ३० ची बाटली कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये असावी, मुदत दरमहा तपासावी आणि पहिली गोळी रिपोर्टची वाट न पाहता द्यावी.

मेडिकल आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपजिल्हा रुग्णालयं आपल्याकडे. त्यामुळे एकट्या आपल्या आदेशाने नागपुरात काम होणार नाही. दोन्ही विभागांचं संयुक्त परिपत्रक काढा. प्रेप कोण लिहिणार, नोंद कुठे होणार, संमती कोणाची आणि एकांतात समुपदेशन कोण करणार, हे त्यात नावानिशी नाही तरी पदानिशी असावं. किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिकं आहेतच. सुरुवात तिथून करा, म्हणजे केस पेपरवर एआरटीचा शिक्का बसणार नाही.

येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी मसुदा तयार झाला तर आम्ही विधानभवनात येऊन प्रत्येक कलमावर बोलायला तयार आहोत.

आपले,
नागपुरातील काही डॉक्टर, समुपदेशक आणि फार्मासिस्ट