जेवणाला दाते रांगेत, न्हाणीघराला कोणी नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात मी पस्तीस वर्षं नळकाम करतो. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मठाच्या वृद्धाश्रमातून फोन आला, संडासाची टाकी गळतेय म्हणून. ज्यांना कोणी नाही अशा गरीब म्हाताऱ्या माणसांना हा मठ फुकट सांभाळतो. पहाटे काकड आरती, संध्याकाळी हरिपाठ, आणि कुणाकडे एक पैसा मागायचा नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये ज्यांना मिळतात, त्यांचे ते गोळ्या-औषधांतच संपतात.

मी वॉशर बदलत होतो, तेवढ्यात एक आजी काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लेकरा, हे खाली बसायचं हाय ते वर बसायचं करता येतंय काय बघ की. बसलं की उठता येत न्हाई मला. भ्या वाटतंय, म्हणून रातचं जेवतच न्हाई मी. सांच्यापास्नं पानी बी बंद."

मी हातातला पाना खाली ठेवला. बाहेर व्हरांड्यात फळा आहे, त्यावर जेवण देणाऱ्यांची नावं लिहितात. पुढच्या दीड महिन्याच्या तारखा भरलेल्या होत्या. वाढदिवस, पुण्यतिथी, नातवाचं बारसं. जेवणाला काही कमी नाही, आणि आजी उपाशी झोपतात.

न्हाणीघरं मी आतून बघितली. गुळगुळीत फरशी, पाण्याचा ढाळ उलटा, त्यामुळे पाणी दारातच साचतं. उंबरठा चार इंचाचा. दार आत उघडतं, म्हणजे आत कोणी पडलं तर त्याच्याच अंगामुळे दार उघडायचं नाही. धरायला आधार म्हणून एक दोरी बांधली आहे, नळाच्या पाइपाला. ज्यांनी ती बांधली त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तो पाइप कधी निखळेल याचा नेम नाही.

यात दोष कुणाचा काढायचा नाही. देणारा अन्नदानाला देतो, कारण अन्नदान आपल्या अंगवळणी पडलं आहे. पंगतीत वाढताना समोर माणूस जेवताना दिसतो, मन भरतं. संडासाच्या भांड्यावर आई-वडिलांचं नाव कोण घालणार? मग जिलेबीचे डबे येतात, तेही साखरेचा आजार असलेल्यांच्या पुढ्यात, आणि ब्लँकेटं माळ्यावर थप्पीला लागतात.

मी व्यवस्थापकांना अंदाज काढून दिला आहे. चार संडास, दोन न्हाण्या. बसायच्या भांड्याची उंची अठरा इंचांच्या आसपास. फरशी खरखरीत. उंबरठा काढायचा, दार बाहेर उघडणारं आणि व्हीलचेअर जाईल असं तीन फूट रुंद. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. आणि दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. हे दांडे नुसत्या टाइलवर स्क्रू मारून बसवायचे नाहीत. भार पडला की उखडतात आणि माणूस दांड्यासकट खाली येतो. ते विटेत खोलवर अँकर बोल्टनेच धरले पाहिजेत. सगळा खर्च साडेतीन लाखांच्या घरात जातो. त्यात माझी मजुरी धरलेली नाही, धरणारही नाही.

हे सरकारचं काम आहे, असंही मला एकाने ऐकवलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, गरजू वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला आश्रम सरकार उभारू शकेल, अशी तरतूद आहे हे खरं. तो पाठपुरावा व्हायलाच हवा. पण तोवर आजींनी पाणी न पिता राहायचं का?

आपल्या गावाला असलं काम नवं नाही. १९०१ पासून इथे बोर्डिंगं उभी राहिली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना जागा दिल्या, वार्षिक मदती लावून दिल्या. पोरांच्या नुसत्या जेवणावर थांबले नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच गावाने पाण्यात उतरून म्हातारी माणसं बाहेर काढली.

अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. आपण पितरांच्या नावाने पाण्याचा घडा देतो. यंदा त्या दिवशी एका न्हाणीचं पाणी द्या, एवढीच विनवणी. आमच्या तालमी आणि मंडळांनी वर्गणीतून एकेक संडास उचलला तरी काम मिरगाच्या आत होईल. पावती मठाच्या ट्रस्टचीच घ्या. आयकरात सवलत हवी असेल तर २००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, चेकने किंवा ऑनलाइन द्या.

मठाचं नाव मुद्दाम छापायला दिलेलं नाही, कारण हा हाल एकाच आश्रमाचा नाही. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. जेवण द्यायला जाल त्या दिवशी, कुठल्याही आश्रमात, आधी न्हाणीघराचं दार उघडून बघा.

आजींच्या कॉटपासून संडासापर्यंत एकोणतीस पावलं आहेत, मी मोजली. तेवढ्या भिंतीला दांडा लावायचं सामान घरी आणून ठेवलंय. या रविवारी बसवतो.

आपला,
एक नळकामगार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर